कराची ते ढाका : अंतर किती?

शाळेत भूगोल शिकवत होतो तेव्हा अंतर मोजायचा एक साधा प्रयोग मुलांकडून करून घ्यायचो. नकाशावर दोन गावांमध्ये दोरा ताणायचा, तो दोरा पट्टीवर ठेवायचा आणि प्रमाणाने गुणायचं. इतिहासाच्या तासाला मात्र हा दोरा उपयोगी पडत नाही. दोन गावांमधलं अंतर तेच असतं, पण जायला लागणारा वेळ काळाप्रमाणे बदलतो. कधी तर वाटच बंद होते! याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे कराची आणि ढाका हे दोन विमानतळ. बांगलादेशच्या जन्मावर लिहा असं आमच्या घरातली तरुण मंडळी बरेच दिवस म्हणत होती. लढाईवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मी आज फक्त या एका विमानमार्गाची गोष्ट सांगणार आहे.

आधी आकडे. कराची ते ढाका सरळ रेषेत सुमारे २३५० किलोमीटर. आजच्या जेट विमानाला थेट जायला साधारण तीन तास पुरतात. रेखांशांतला फरक तेवीस अंशांचा. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात हे शाळेत घोकलेलं आठवत असेल, तर ढाक्यात सूर्य कराचीच्या दीड तास आधी उगवतो हे लगेच लक्षात येईल. घड्याळातला फरक मात्र एक तासाचा ठेवला आहे.

१९४७ ते १९७१ ही दोन्ही शहरं एकाच देशात होती. नवीन पिढीला हे सांगितलं तर पटतच नाही. देश एक, तुकडे दोन आणि मध्ये सुमारे सोळाशे किलोमीटरचा भारत. फाळणीच्या आधी, मे १९४७ मध्ये, जिनांनी दोन्ही तुकडे जोडणारा जमिनीचा पट्टा भारतातून मागितला होता. तो मिळणं शक्य नव्हतं. मग उरले दोन मार्ग. समुद्राने जायचं तर कराचीहून निघून सगळा हिंदुस्थान आणि सिलोन वळसा घालून चितगावला पोचायचं, म्हणजे आठवडाभराचा प्रवास. नाहीतर भारताच्या आकाशातून विमानाने.

विमानकंपनीची गोष्टही मजेशीर आहे. ओरिएंट एअरवेज ही कंपनी १९४६ साली कलकत्त्यात स्थापन झाली होती. फाळणीनंतर ती पाकिस्तानात गेली. कराचीहून दिल्ली, कलकत्ता असे थांबे घेत तिची विमानं ढाक्याला जात. म्हणजे पाकिस्तानच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाणारा प्रवासी वाटेत दिल्लीच्या विमानतळावर टेकत असे! ७ जून १९५४ ला पीआयएने सुपर कॉन्स्टलेशन विमानाने कराची ते ढाका अशी विनाथांबा सेवा सुरू केली. चार पंख्यांचं ते विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जाई, म्हणजे पाचेक तास लागत असणार. पुढे १९६० साली बोइंग ७०७ आलं आणि तोच वेळ तीन तासांच्या आत आला. सहा वर्षांत दोन्ही तुकडे वेळेच्या हिशेबात जवळजवळ निम्म्या अंतरावर आले.

पण विमानाने जायचं कोणी? वरिष्ठ अधिकारी, सेनापती, मंत्री, कारखानदार. ढाक्याच्या रिक्षावाल्याने किंवा सिंधमधल्या शेतकऱ्याने देशाचा दुसरा भाग आयुष्यात पाहिलाही नसेल. खुद्द जिना गव्हर्नर जनरल म्हणून पूर्वेकडे गेले ते एकदाच, मार्च १९४८ मध्ये. देशातले निम्म्याहून अधिक लोक पूर्वेला राहत होते आणि बंगाली बोलत होते. त्यांच्यासमोर ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर जिनांनी जाहीर केलं, की पाकिस्तानची राष्ट्रभाषा उर्दूच राहील. मग ते विमानाने परत गेले. त्याच सप्टेंबरमध्ये त्यांचं निधन झालं. ढाक्याच्या मनात मात्र ते वाक्य राहिलं. २१ फेब्रुवारी १९५२ ला भाषेसाठी मोर्चा काढणाऱ्या विद्यार्थ्यांवर तिथे गोळीबार झाला. आज जग ज्याला आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणतं तो हाच दिवस.

या विमानमार्गाचा खरा कच्चा दुवा १९६५ च्या युद्धात उघडा पडला. लढाई सुरू झाली तसं भारताचं आकाश पाकिस्तानी विमानांना बंद झालं. पूर्व पाकिस्तान जवळजवळ तुटलं. पुढे ताश्कंद करार झाला आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये भारतावरून उड्डाणं पुन्हा सुरू झाली. पण एक गोष्ट सगळ्यांना कळून चुकली. ज्या देशाच्या दोन तुकड्यांमधली वाट शेजाऱ्याच्या डोक्यावरून जाते, त्या देशाला शेजाऱ्याशी भांडण परवडत नाही. पूर्वेकडच्या लोकांना दुसरीही गोष्ट कळली, की लढाई काश्मीरसाठी होते आणि आपल्याकडे संरक्षणाला पुरेसं सैन्य ठेवलेलंच नाही. शेख मुजीब यांचा सहा कलमी कार्यक्रम १९६६ सालीच पुढे आला हा योगायोग नव्हे.

मग आलं १९७० साल. १२ नोव्हेंबरच्या रात्री पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं. तीन ते पाच लाख माणसं गेली असं मानतात. आकडा इतका मोठा आहे की वाचताना मन सुन्न होतं. राष्ट्रपती याह्याखान चीनच्या दौऱ्यावरून परतताना ढाक्यात थांबले, विमानातून पाहणी केली आणि पश्चिमेला निघून गेले. मदत उशिरा आली, अपुरी आली. कराचीहून ढाक्याला तीन तासांत पोचता येत होतं, हे लक्षात ठेवा. वाट मोकळी होती, विमानं होती. पोचली नाही ती कळकळ. लोकांनी उत्तर मतपेटीतून दिलं. डिसेंबरच्या निवडणुकीत पूर्वेकडच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा मुजीब यांच्या अवामी लीगला मिळाल्या. सगळ्या देशात स्पष्ट बहुमत! म्हणजे पंतप्रधान ढाक्याचा होणार. पश्चिमेतल्या पुढाऱ्यांना आणि सेनापतींना हे गिळवेना.

आणि नेमकं याच वेळी आकाश बंद झालं. ३० जानेवारी १९७१ ला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ‘गंगा’ नावाचं फोकर विमान दोघा काश्मिरी तरुणांनी पळवून लाहोरला नेलं. प्रवासी सुखरूप परत आले, पण २ फेब्रुवारीला विमान जाळण्यात आलं. ४ फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. त्या अपहरणामागे खरं कोण होतं यावर आजही वाद चालतात. त्यात मी पडत नाही. परिणाम काय झाला तेवढं पाहू.

परिणाम असा झाला, की कराचीहून निघालेल्या विमानाला अरबी समुद्रावरून खाली दक्षिणेला यायचं, कोलंबोला तेल घ्यायचं आणि मग बंगालच्या उपसागरावरून वर ढाक्याला जायचं, असा द्राविडी प्राणायाम करावा लागला. २३५० किलोमीटरचे झाले जवळजवळ पाच हजार. तीन तासांचे झाले सहा. विद्यार्थ्यांना मी सांगायचो, नकाशात भारताच्या त्रिकोणाचं टोक बोटाने गिरवा. विमान बरोबर तसंच जायचं. याच लांबच्या वाटेने फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रवासी विमानांतून साध्या कपड्यांतले सैनिक ढाक्यात उतरू लागले. एकीकडे वाटाघाटी चालू होत्या, दुसरीकडे विमानं भरून येत होती.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस. २५ मार्च १९७१.

याह्याखान १५ मार्चपासून ढाक्यात होते. मुजीब यांच्याशी बोलणी चालू होती, निदान तसं दाखवलं जात होतं. २५ तारखेच्या संध्याकाळी कुणालाही न सांगता ते तेजगाव विमानतळावर गेले आणि कराचीला निघाले. विमानतळावर हवाई दलातल्या खोंदकार या बंगाली अधिकाऱ्याने त्यांना जाताना पाहिलं आणि निरोप मुजीब यांच्यापर्यंत पोचला. लष्कराची कारवाई ठरली होती रात्री एक वाजता. एकच का? तेव्हा ढाक्यात लष्कराचे जनसंपर्क अधिकारी असलेले सिद्दीक सालिक यांनी पुढे आपल्या पुस्तकात याचं कारण नोंदवलं आहे. तोवर राष्ट्रपतींचं विमान कराचीत उतरलेलं असेल, असा तो हिशेब होता.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. अंतर भागिले वेग बरोबर वेळ. सातवीतलं गणित. इथे त्या गणितावर एका शहराच्या कत्तलीची वेळ ठरली. भारतावरून सरळ जाता आलं असतं तर त्या प्रवासाला तीन तास पुरले असते. आकाश बंद होतं, वळसा होता, म्हणून घड्याळ तितकं पुढे ढकललं गेलं. प्रत्यक्षात रस्त्यांवर अडथळे उभे राहू लागलेले पाहून सैन्य ठरल्या वेळेआधीच, मध्यरात्रीपूर्वी, छावणीतून बाहेर पडलं. ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांत मुलं आणि प्राध्यापक मारले गेले. पहाटे दीडच्या सुमाराला मुजीब यांना घरातून अटक झाली. दुसऱ्या दिवशी भुट्टो ढाक्याहून कराचीला परतले आणि पाकिस्तान वाचलं असं म्हणाले. प्रत्यक्षात त्या रात्रीच पाकिस्तान फुटलं होतं.

त्या साली मी गिरगावात मामांकडे राहून बी.ए. करत होतो. डिसेंबरात युद्ध पेटलं. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावले, रात्री दिवे मालवून आम्ही रेडिओभोवती बसायचो. मामांनी फाळणीआधी काही वर्षं कराचीत नोकरी केली होती. ते म्हणायचे, “अरे, कराचीच्या माणसाला मुंबई जवळची. ढाका त्याने कशाला पाहिलंय!” गोष्ट खरीच होती. कराची ते मुंबई जेमतेम पावणेनऊशे किलोमीटर. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाल्याची बातमी आली तेव्हा चाळीत कोणीतरी पेढे वाटले. मामा मात्र बराच वेळ गप्प होते. शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या त्या रेसकोर्स मैदानावर. जिनांनी उर्दूची घोषणा केली ते हेच मैदान. दोन घटनांमध्ये तेवीस वर्षं नऊ महिने.

सुटका झाल्यावर मुजीब घरी कसे गेले तेही पाहण्यासारखं आहे. ८ जानेवारी १९७२ ला रावळपिंडीहून त्यांना विमानाने पाठवलं ते लंडनला! तिथून ब्रिटिश हवाई दलाच्या विमानाने ते १० जानेवारीला दिल्लीला उतरले आणि मग ढाक्याला. रावळपिंडी ते ढाका सरळ अंतर दोन हजार किलोमीटर. मुजीब फिरले साधारण चौदा हजार.

आकाशबंदीचा खटलाही पुष्कळ लांबला. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे तक्रार घेऊन गेलं होतं. या संघटनेला हा वाद ऐकायचा अधिकारच नाही असं म्हणत भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. भारताची बाजू मांडायला आपल्या मुंबईचे नानी पालखीवाला होते. १८ ऑगस्ट १९७२ ला निकाल लागला. संघटनेला अधिकार आहे असा, म्हणजे भारताच्या विरुद्ध. पण तोवर पूर्व पाकिस्तानच उरलं नव्हतं! ज्या वाटेसाठी भांडण होतं, तिच्या दुसऱ्या टोकाला आता परका देश होता. पुढे १९७६ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी आपसांत तडजोड करून एकमेकांचं आकाश पुन्हा खुलं केलं.

इथे मला एका जुन्या वादात थोडं शिरायचं आहे. दोन भागांमध्ये हजार मैलांचं अंतर होतं म्हणून पाकिस्तान फुटलं, असं विधान पुष्कळ गाईडांत छापलेलं असे आणि मुलं ते पाठ करून लिहीत. मी त्याला निम्मेच गुण द्यायचो. मुलं कुरकुरायची. मग नकाशावर दोरा ताणून दाखवायचो. दिल्ली ते पोर्ट ब्लेअर हे अंतर सुमारे २४८० किलोमीटर आहे, कराची-ढाक्याहून जास्त. मध्ये शेकडो मैल समुद्र आहे. अंदमान भारतातून फुटला का? अमेरिकेचं हवाई राज्य वॉशिंग्टनपासून साडेसात हजार किलोमीटरहून दूर आहे. इंडोनेशियाची हजारो बेटं पाण्यात विखुरली आहेत. नुसत्या अंतराने देश फुटत असते तर हे केव्हाच फुटले असते.

अंदमानला जाताना परक्याच्या आकाशातून जावं लागत नाही, हा फरक आहे हे मान्य. पण १९६६ ते १९७१ पाच वर्षं वाट मोकळीच होती. त्या पाच वर्षांत काय झालं ते वर सांगितलंच. वादळात मदत पोचली नाही, मतांचा कौल मानला नाही. तागाच्या निर्यातीचा पैसा पूर्वेच्या घामाचा आणि त्यावर कारखाने उभे राहिले पश्चिमेत, ही तक्रार तर पहिल्यापासून होती. माझं म्हणणं एवढंच, की विमानाने ते अंतर कमी केलं नाही, झाकलं. वर बसलेल्यांना वाटत राहिलं, तीन तासांत जाता येतं, मग काळजी कसली? आकाश बंद झालं तेव्हा अंतर निर्माण झालं नाही. होतं ते फक्त दिसू लागलं.

आणखी एक माणूस या वाटेवर आहे, त्याची आठवण काढल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. फ्लाइट लेफ्टनंट मतिउर रहमान. पाकिस्तानी हवाई दलातला बंगाली अधिकारी, कराचीच्या मसरूर तळावर शिक्षक. २० ऑगस्ट १९७१ ला त्याने प्रशिक्षणाचं जेट विमान ताब्यात घेऊन भारताच्या दिशेने न्यायचा प्रयत्न केला. विमानात रशीद मिन्हास हा वीस वर्षांचा विद्यार्थी वैमानिक होता. दोघांची झटापट झाली आणि थट्ट्याजवळ विमान कोसळलं. दोघेही गेले. बांगलादेशने मतिउरला बीरश्रेष्ठ हा आपला सर्वोच्च किताब दिला. पाकिस्तानने रशीदला निशान-ए-हैदर, तोही सर्वोच्च. एकच विमान, एकच क्षण आणि दोन देशांचे दोन हुतात्मे! गुरू आणि शिष्य. शिक्षक म्हणून मला हे फार लागतं. मतिउरचा देह कराचीतच पुरला होता. त्याच्या अस्थी २००६ साली ढाक्याला नेल्या आणि इतमामाने दफन केल्या. कराची ते ढाका हा प्रवास करायला त्याला पस्तीस वर्षं लागली.

मधल्या काळात या मार्गावर विमानं सुरू झाली, बंद पडली. बांगलादेशच्या बिमान कंपनीची ढाका-कराची सेवा २०१२ साली थांबली. मग लोक आखाती देशांतून जाऊ लागले. दुबईवरून गेलं तर एकूण अंतर भरतं सुमारे ४७०० किलोमीटर. म्हणजे १९७१ च्या कोलंबोच्या वळशाच्या जवळपास तेवढंच! दिशा तेवढी बदलली. २९ जानेवारी २०२६ पासून थेट सेवा पुन्हा सुरू करत असल्याचं बिमानने जाहीर केलं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो हा आकडा.

गंमत अशी, की त्याआधी, एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केलं आणि ती बंदी महिन्यामहिन्याने वाढवत नेली. आपल्या घरातल्या अमेरिकावाल्यांना हे सांगायला नकोच. दिल्लीहून निघालेली एअर इंडियाची विमानं वळसे घेऊ लागली, काहींना वाटेत युरोपात तेल भरायला उतरावं लागलं. म्हणजे ज्या आकाशातून पाकिस्तानच्या विमानाला ढाक्याला जाता येत नाही, त्याच आकाशातून बांगलादेशचं विमान कराचीला जाऊ शकतं. १९७० सालच्या एखाद्या माणसाला हे सांगितलं असतं तर त्याने आपल्याला वेड्यात काढलं असतं.

असो. लेख जरा लांबलाच. तुमच्यापैकी कोणाच्या घरात १९७१ च्या आठवणी असतील, कोणाचे वडील किंवा काका तेव्हा सैन्यात असतील, कोणी निर्वासितांच्या छावणीत मदतीला गेलं असेल, तर जरूर लिहा. ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. विचारायचं असेल तर याच वर्षी विचारा.